काळी गाडी, कोरडं फडकं

(दृश्य: सिव्हिल लाइन्स, डिसेंबरची सकाळ. रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्या. ड्रायव्हर गाड्या पुसताहेत.)

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांच्या रांगा लागतात. साहेब आत, ड्रायव्हर बाहेर. दिवस काढायला ड्रायव्हरकडे मोबाइल असतो आणि फडकं असतं. मोबाइलची बॅटरी उतरते, फडक्याची उतरत नाही. घटकाभराने बोनेटवरून एक हात फिरतो, मग डिकीवरून. पांढऱ्या गाडीवर त्याची खूण दिसत नाही. काळ्या गाडीवर प्रत्येक हात नोंदला जातो.

(जवळून: काळं बोनेट, त्यात सूर्याचं प्रतिबिंब, भोवती बारीक गोल रेषा.)

या रेषांना डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या चकचकीत करून देणारे, स्वर्ल मार्क म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘गोल चरे’ म्हणून भागतं. बघायला गेलं तर हे चरे गोल नसतातच. बहुतेक सरळ असतात, हात जाईल त्या दिशेने ओढलेले. पण ज्या चऱ्याची कड प्रकाशाला आडवी येते, तेवढाच उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतो. बाकीचे तिथंच असतात, दिसत नाहीत. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीचे असे आडवे तुकडे डोळा आपणच जोडतो आणि आपल्याला वर्तुळं दिसतात. डोकं थोडं हलवा, वर्तुळं तुमच्यासोबत सरकतील.

चरे पांढऱ्या गाडीवरही तितकेच पडतात. पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परत पाठवतो की चऱ्यांची चमक त्यात हरवते. काळा रंग उजेड गिळून टाकतो. मग परत येतो तो फक्त सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावरचा उजेड, आणि त्या थरावर जे काही झालं असेल ते सगळं उघडं पडतं.

(दृश्य: त्रिमूर्तीनगर. घरासमोरचा पोर्च. काळी सेडान. हातात टॉर्च घेतलेली तरुणी आणि तिचे वडील.)

त्रिमूर्तीनगरच्या या घरात आज सकाळपासून गाडीचं काम चाललंय. वडील वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, निवृत्त झालेत. सगळी नोकरी कोळशाच्या खाणींच्या परिसरात गेली, त्यामुळे धूळ या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. काळा रंग तिने निवडला होता. वडिलांनी तेव्हाच विचारलं होतं, “काळी काऊन?” आता ती टॉर्च धरून बोनेट बघतेय आणि वडील काही बोलत नाहीत. न बोलणंही पुरेसं बोलकं आहे.

नागपूरची धूळ साधी नाही. शहर दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर वसलंय. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. पूर्वेकडे याहून कितीतरी जुने खडक. कन्हानची वाळू घराघरांच्या बांधकामाला येते आणि तिच्यातलं गारगोटीचं बारीक पीठ हवेत मिसळतं. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं. त्या बाजूच्या वस्त्यांत अंगणातल्या राखेची तक्रार नेहमीचीच. भरीला सिमेंटचे रस्ते आणि कधी न संपणारी खोदकामं. गारगोटीचा कडकपणा मोहस् मापनावर ७ आहे. लोखंडी खिळा तिला ओरखडू शकत नाही, तर गाडीवरच्या लॅकरची, म्हणजे त्या वरच्या पारदर्शक थराची, काय कथा.

ही धूळ बोनेटवर नुसती बसून असते तोवर काही बिघडत नाही. कोरडं फडकं तिच्यावरून फिरलं की चरे पडतात. गाडी चालवून असे चरे क्वचितच पडतात, ते पडतात पुसून. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी नागपुरात गल्लोगल्ली गाड्या धुतल्या जातात, दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार आणि बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. माझा अंदाज विचाराल तर वर्षभरात एका दिवशी सगळ्यात जास्त चरे पडत असतील ते याच दिवशी, आणि सगळे अगदी प्रेमाने.

(ग्राफिक: पत्रा, त्यावर एकेक थर.)

चरा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते आधी समजून घेऊ. पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. याला गॅरेजवाले लॅकर म्हणतात. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला लॅकर ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे लॅकर केसाहूनही पातळ. बारीक चरे त्या लॅकरच्या अगदी वरच्या भागात असतात. पॉलिश चरा भरत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा लॅकर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. सौम्य पॉलिशचा एक हात म्हणजे एखाद-दोन मायक्रॉन गेले. कडक कंपाउंड, म्हणजे जास्त खरवडणारं पॉलिश, आणि लोकरीचं पॅड वापरलं तर त्याहून बरेच जास्त.

गेलेला लॅकर परत येत नाही. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनंही याच थरात असतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या गावात हा थर पातळ करत बसणं महागात पडतं. रस्त्यावर जुन्या गाड्यांचे टप बघा, पांढरट चट्टे आणि सुटलेले पापुद्रे दिसतील. तिथं लॅकर संपला आहे. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर कोणी ‘रबिंग-पॉलिश फ्री आहे’ म्हणालं, तर मी तरी हात जोडून नको म्हणेन. दर वेळी थोडा थोडा लॅकर फुकटात कशाला द्यायचा?

(दृश्य: पाइपने पाणी. दोन बादल्या.)

काम सावलीत आणि पत्रा गार असतानाच करायचं. नागपुरात याचा अर्थ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. उन्हाळ्यात तापलेल्या बोनेटवर पॉलिश पसरायच्या आत वाळतं आणि मग खरवडून काढावं लागतं.

आधी नुसतं पाणी, जोराच्या धारेने. धूळ हात न लावता जितकी उतरेल तितकी उतरू द्यायची. मग शाम्पू. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा गाडीवरून आला की आधी साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मग शाम्पूत. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली वाळू तिथं असते. भांडी घासायचा स्पंज आणि भांड्यांचा साबण स्वयंपाकघरातच राहू द्या. बोअरवेलचं पाणी असेल तर गाडी लगेच टिपून घ्यायची. जड पाण्यातला कॅल्शियम वाळून डाग धरतो, आणि काळ्या रंगावर ते डाग चऱ्यांपेक्षा वाईट दिसतात.

धुतलेल्या गाडीवर पातळ पॉलिथिनची पिशवी हातात घालून फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ तुकडा, साबणाच्या पाण्याचा भरपूर ओलावा ठेवून. क्ले खाली पडली तर ती उचलून परत वापरायची नाही, टाकून द्यायची. हा नियम वडिलांना मान्य नाही. “एवढी महागाची वस्तू? धुऊन घे नं.” मुलगी तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकते. वडील डब्याकडे बघत राहतात.

(दृश्य: काळ्या रबरी पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या धारदार कडांवर मास्किंग टेप.)

कडांवर लॅकर मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा दाब तिथंच एकवटतो. म्हणून टेप.

आता मशीन. गॅरेजमध्ये दिसते ती रोटरी, एकाच केंद्राभोवती गरगर फिरणारी. तज्ज्ञाच्या हातात ती झपाट्याने काम करते. नवख्याच्या हातात पत्रा तापवते, लॅकर जाळते आणि मागे सापासारख्या लांब चमकत्या खुणा ठेवते. ऊन पडल्याशिवाय त्या दिसतही नाहीत. घरी हवी ती ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी केंद्र सोडून डुलतं. उष्णता कमी होते. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं आणि ती नुसतीच थरथरते. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर दाब बरोबर आहे.

सगळ्यात आधी ट्रायल, एकाच जागी. दीड-दोन फूट चौरस भाग, सर्वांत मऊ पॅड, सर्वांत बारीक पॉलिश. पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून पसरवायचं, नाहीतर पॉलिश भिंतीवर आणि बाबांच्या बनियनवर जातं. मग चालू. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, एवढं हळू. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या निम्म्यावरून. असे चार ते सहा हात. नवखा माणूस इथंच फसतो, हात आपोआप वेग घेतो. एवढं हळू काहीतरी करायची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

(दृश्य: मायक्रोफायबरने पॉलिश पुसणं. टॉर्च.)

पुसलं, काळंभोर दिसतंय. इथं थांबायचं नाही. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून तो भाग पुसून घ्यायचा आणि मग टॉर्च लावायची. खरा निकाल आता दिसतो.

वडील टॉर्च हातात घेतात. “बेटा, इकडून पाह्य. अजून दिसून राहिलं नं.”

“बाबा, तुम्ही टॉर्च हलवू नका नं. एका जागी धरा.”

दिसतंय खरंच. गर्दी विरळ झालीय, पण काही रेषा शिल्लक आहेत. आता एक पायरी वर, जरा कडक पॅड, पॉलिश तेच. तेवढ्याने भागलं तर बरं, नाहीतर आणखी एक पायरी. उलट्या क्रमाने कधीच जायचं नाही. काळे लॅकर काही गाड्यांवर इतके मऊ असतात की पुसायच्या कापडानेही नवी रेघ पडते. तिथं पॉलिश जास्त ताकदीचं नको, कापड जास्त चांगलं हवं.

नारळाचं तेल, टूथपेस्ट, डिझेल, असे सल्ले गल्लीत फुकट मिळतात. तेलाने चरे खरंच दिसेनासे होतात, कारण ते त्यात भरतं. दोन दिवसांनी त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसते. टूथपेस्टमधले कण दातांच्या मापाचे आहेत, लॅकरच्या नाहीत. ‘स्क्रॅच गायब’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांतही भरणारंच द्रव्य असतं. एका लग्नापुरतं ते चालतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पॉलिश करताना पॅड काळं होऊ लागलं तर मशीन लगेच बंद. जुन्या, एका थराच्या रंगावर तसं होतंच, तिथं लॅकर नसतो. आजकालच्या गाडीवर तसं झालं तर लॅकर संपून रंग लागला. त्याला पॉलिश नाही, पेंटरच लागतो.

(दृश्य: कामाची झटपट दृश्यं. बोनेट, दारं, डिकी. प्रत्येक भागानंतर ब्रशने पॅड झाडणं. चहा. बंपर.)

बंपर प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही, म्हणून तिथं हात आणखी हलका. पेट्रोलच्या झाकणाजवळ एक चरा आहे, नख अडकतं इतका खोल. तो काढायला जितका लॅकर घालवावा लागेल तितका शिल्लक राहणार नाही. मुलीने तो तसाच ठेवला. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता.

शेवटी लॅकरवर संरक्षक थर देणाऱ्या सीलंटचा पातळ हात. त्याने चरे थांबत नाहीत, धूळ मात्र पाण्याबरोबर सहज निघते.

(दृश्य: दुसरी सकाळ. गेटजवळ गाड्या पुसणारे दादा, हातात बादली.)

वस्तीतल्या बऱ्याच गाड्या एकच दादा पुसतात. बादली एक, फडकं एक, गाड्या पुष्कळ. चौथ्या गाडीपर्यंत फडक्यात पहिल्या तिघींची वाळू असते. त्यांना बोल लावणं सोपं आहे. पण बादलीही आपण एकच देतो, पाणीही मोजून, आणि गाडी रोज पुसलेली दिसली पाहिजे हा हट्टही आपलाच.

मुलगी सांगते, “दादा, कोरडं फडकं नका मारू आता.”

दादा हसतात. “ताई, धूळ दिसली की मालक म्हणते पुसलीच नाही. मंग पैसे काऊन देईन?”

प्रश्न रास्त आहे. बोलणं थोडं चालतं, मग ठरतं. या गाडीला रोज हात लावायचा नाही. तीन दिवसांनी एकदा धुवायची, आधी नुसतं पाणी, दोन बादल्या आणि हातमोजा या घरातून मिळणार. पगार तोच राहणार. मधल्या दिवशी कोणी धुळीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, हे दादा विचारतात.

“बाबांचं नाव सांगा,” ती म्हणते.

बाबा पेपर खाली करतात. “माझं काऊन?”