आधी काय तुटू द्यायचे ते ठरवा

नमस्कार. आज टेबलावर 1/10 मापाचा रिमोट ट्रक उघडून ठेवला आहे, आणि बोलायचे आहे ते मोटारचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या भागांच्या अदलाबदलीविषयी.

आमच्या यवतमाळकडच्या काळ्या रानात पहिला पाऊस पडला की चिखल टायरला असा लिंपला जातो की चाकाचे वजन आणि घेर दोन्ही वाढतात, आणि मोटार तापू लागते. अशा वेळी बहुतेक जण थेट मोठी मोटार मागवतात. मला तो क्रम उलटा वाटतो. सर्वांत स्वस्त भाग पिनियन, म्हणजे मोटारच्या दांड्यावरचा लहान गिअर, म्हणून आधी तोच बदलून पाहावा. पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला स्पर म्हणतात, आणि या ट्रकच्या स्परला 86 दात आहेत. पिनियन 18 दातांचा असेल तर स्परच्या एका फेऱ्यासाठी मोटारला 4.78 फेरे घ्यावे लागतात, 14 दातांचा असेल तर 6.14, म्हणजे वेग साधारण 22 टक्क्यांनी घटतो, पण चाकाचा जोर सुमारे 29 टक्क्यांनी वाढतो.

पिनियन घेताना पिच, म्हणजे दातांचे माप, स्परशी जुळवावा. 48 पिच आणि 0.6 मॉड्यूल (माप सांगायची दुसरी पद्धत) यांचे दात नजरेला सारखेच दिसतात, पण एकत्र बसवले तर दात खाऊन टाकतात. बसवताना दोन्ही गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी दाबून मोटारचे स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी फिरवून काढावी. दातांमध्ये हवी तेवढीच फट राहते.

आता स्परकडे येऊ, कारण चूक येथेच होते, आणि मीही केली आहे. प्लास्टिकचा स्पर वारंवार झिजतो म्हणून मी हौसेने पोलादी बसवला. पुढे शेताच्या धुऱ्यावरून उतरताना चाक दगडात अडकले, स्पर शाबूत राहिला, आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाच्या, आतल्या गिअरचे दात गेले. ट्रॅक्टरच्या खड्डे खोदणाऱ्या यंत्राला शिअर बोल्ट का असतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढूनही मला तेव्हा उमजले. खोदताना दगड लागला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो.

म्हणून पोलाद आधी चाकाकडच्या ड्राइव्हशाफ्टमध्ये (चाक फिरवणाऱ्या दांड्यात) आणि डिफरन्शियलमध्ये घालावे, स्पर मात्र प्लास्टिकचाच ठेवावा. गिअरबॉक्स उघडायला दुपार जाते. स्पर बदलायला या ट्रकमध्ये झाकणाचे मोजके स्क्रू आणि एक नट पुरतो, आणि जास्तीचा स्पर खिशात मावतो.