कान्हेरी म्हणजे फक्त सातवाहन नव्हे

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय बोरिवलीजवळच्या या बौद्ध लेण्यांचा, 'कान्हेरी ओस का पडली', त्यावर येतोच, पण आधी एक तक्रार मांडू द्या, बरेच दिवस मनात आहे. बोरिवली-कांदिवलीचे किती जण आलेत? हात वर करा. वा. आता यातले तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, वर चढून गेलेले किती? बघा, निम्मे हात खाली!

माझी तक्रार हीच आहे. माणसं येतात, चैत्यात फोटो काढतात, कुणीतरी सांगतं 'सातवाहनकालीन, दुसरं शतक', की झालं, खाली उतरून काकडी खायला मोकळे. अहो, त्याच चैत्याच्या व्हरांड्यातले ते प्रचंड उंच बुद्ध तरी बघा, ते चैत्यानंतर तीनेकशे वर्षांनी कोरलेत! म्हणजे ज्याला आपण सातवाहनकालीन म्हणतो त्या लेण्यातसुद्धा पुढची शतकं उभी आहेत आणि आपण त्यांच्या पायाशी उभं राहून सेल्फी काढतो.

वर गेलात की शंभराच्या वर लेणी आहेत. बहुतेक ठिकाणी तेच दिसेल, बाहेर ओटा, आत झोपायला दगडी बाक, आणि दाराशेजारी पाण्याचं टाकं. उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी त्यातून थेट टाक्यात, भर उन्हाळ्यात काही टाक्यांत पाणी असतं, आणि त्यात आपण काय टाकतो तर वेफर्सची पाकिटं. मला याचा खरंच संताप येतो. इथे शेकडो वर्षं माणसं राहिली ती या पाण्यावर, आणि एकेचाळीस नंबरला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे तो बघायला कुणी जात नाही.

आणि आता माझा लाडका मुद्दा. नववं शतक. राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य, उत्तर कोकणात त्याचे मांडलिक शिलाहार. ८४३ सालचा शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या काळातला लेख इथे दगडात आहे, कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्याच, भिक्षुसंघाला दान दिलंय आणि पैसे कशाकशाला तेही लिहिलंय, पूजेला, विहाराच्या डागडुजीला, भिक्षूंच्या कपड्यांना, आणि पुस्तकांना! पुस्तकांसाठी वेगळी तरतूद, मंडळी. पुढे ८५४ च्या सुमाराला पार गौड देशातून, म्हणजे बंगालातून, अविघ्नाकर नावाचा उपासक येतो, ध्यानासाठी जागा बांधून देतो आणि शंभर द्रम्म, म्हणजे त्या वेळची नाणी, ठेवतो, सरळ एफडीच म्हणा ना, व्याजातून भिक्षूंचे कपडे. बंद पडत चाललेल्या ठिकाणी इतक्या लांबून येऊन कुणी कायमची ठेव ठेवेल का? हा चालता मठ होता, मोठा महाविहार होता, आणि आपण त्याला नुसत्या 'गुंफा' म्हणून मोकळे होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग ओस का पडली ते भराभर सांगतो.

एक, कान्हेरीला दान देणारे मुळात कल्याण, सोपारा, चेऊल इथले व्यापारी. ते जुने व्यापारी संघ गेले, मग राजे आणि त्यांच्या अमात्यांवर भिस्त आली. दोन, राजांचा ओघ शिवमंदिरांकडे गेला, अंबरनाथचं देऊळ शिलाहारांचंच, १०६० चं, कान्हेरीपासून काही फार लांब नाही. आणि तीन, व्याजावर चालणारी संस्था नवीन ठेवी थांबल्या की एका दिवसात मरत नाही, हळूहळू माणसं कमी होतात. म्हणून कुणीतरी एका दिवसात येऊन सगळं उद्ध्वस्त केलं ही गोष्ट मला इथे लागू पडताना दिसत नाही. नव्वद नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ सालचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत, पारशी मंडळी येऊन आपली नावं कोरून गेली, म्हणजे तेव्हा लोक बघायला येत होते, पण भिक्षूंना दान दिल्याचं त्यात काही नाही.

शिलालेखांचे ठसे मागच्या टेबलावर ठेवलेत. पुस्तकांच्या तरतुदीची ओळ मी पेन्सिलीने खूण करून ठेवलीय, ती आधी बघा, मग प्रश्न घेऊ.