दोन आयुष्यांचे एक विमान : डकोटा 'व्हीपी ९०५'

पडद्यावर दिसणाऱ्या या डकोटा मालवाहू विमानाच्या शेपटीवर 'व्हीपी ९०५' हा क्रमांक रंगवलेला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला गेलेल्या डकोटाचा हा क्रमांक आहे. आपल्यासमोरचे विमान मात्र ते नव्हे. हा सांगाडा १९४४ साली अमेरिकेत तयार झाला, ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला आणि पुढे ब्रिटनमध्ये नागरी विमान म्हणून कित्येक वर्षे उडत राहिला. त्यामुळे या विमानाची सेवाकथा सांगताना शेपटीवरच्या क्रमांकाचा इतिहास आणि सांगाड्याचा इतिहास वेगवेगळे ठेवावे लागतात. ही गल्लत पुष्कळदा होते, आणि ती टाळल्याने विमानाचे मोल कमी होते असे आम्हाला वाटत नाही.

क्रमांकाचा इतिहास काश्मीरमधला आहे. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी महाराजा हरिसिंह यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीहून डकोटांची उड्डाणे सुरू झाली. श्रीनगरची धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की पाकिस्तानकडून घुसलेल्या टोळीवाल्या हल्लेखोरांच्या, हे निघताना कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. ती मोकळी आढळली आणि विमाने उतरली. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला लढताना धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. पुढच्या दिवसांत हवाई दलाच्या बाराव्या स्क्वाड्रनबरोबर खासगी विमान कंपन्यांचे डकोटाही या कामाला जुंपले गेले. नागरी वैमानिकांचा हा वाटा निवेदनांतून बहुधा सुटतो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवत आहोत.

डकोटाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांनी सैनिक आणि निर्वासित यांच्या श्रमांतून धावपट्टी तयार करवून घेतली, आणि डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी त्या आखूड पट्टीवर पहिले डकोटा उतरवून दाखवले. नंतर शत्रूच्या माऱ्यात, रात्रीच्या अंधारात तेलाच्या दिव्यांच्या खुणांवरही विमाने उतरू लागली. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग मेजर जनरल थिमय्या यांना घेऊन लेहला पोहोचले. तेथील धावपट्टी अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने उभारली होती आणि ती समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर होती. डकोटाच्या आतील भागात हवेचा दाब राखण्याची सोय नसते. विरळ हवेत पंखांना वर उचलणारे बल घटते, इंजिनांची ताकदही उतरते, आणि वाटेत झोजी आणि फोटू या खिंडींचे डोंगर आडवे येतात. प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, चौदा सिलिंडरांची दोन इंजिने एवढ्याच बळावर हा पल्ला गाठला गेला, हे लक्षात घेतले तर मेहरसिंग यांना मिळालेल्या महावीर चक्राचा अर्थ अधिक नीट कळतो.

डकोटाचे मुख्य काम सामान आणि माणसे वाहण्याचे असले, तरी काश्मीरच्या लढाईत त्याच्या दारातून बॉम्बही ढकलले गेले. गरज पडेल तसे काम पत्करणारे हे यंत्र होते.

आता सांगाड्याचा इतिहास. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये हे मोडकळीला आलेले विमान विकत घेतले. त्यांचे वडील, निवृत्त एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, हे डकोटाचे वैमानिक होते. ब्रिटनमधील कॉव्हेंट्री येथे अनेक वर्षे चाललेल्या दुरुस्तीनंतर ते पुन्हा उड्डाणक्षम झाले. हवाई दलाला ते भेट देण्याचा प्रस्ताव काही काळ रखडला होता. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याला मार्ग मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये भेटपत्र हवाई दलप्रमुखांकडे सुपूर्द झाले. एप्रिलमध्ये फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन आणि ओमान असे मुक्काम करत विमान जामनगरला आले आणि ४ मे २०१८ रोजी हिंडन तळावर ते हवाई दलात दाखल झाले. त्याला 'परशुराम' हे नाव देण्यात आले. कोकणातील श्रोत्यांना ते विशेष जवळचे वाटेल.

प्रदर्शनाच्या दालनात स्थिर ठेवण्याऐवजी हवाई दलाने ते उडते ठेवले, हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. २६ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या संचलनात हे डकोटा दोन डॉर्नियर विमानांना दोन्ही बाजूंना घेऊन 'टांगाइल' नावाच्या रचनेत उडाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील टांगाइल येथे छत्रीधारी जवान उतरवणाऱ्या विमानांत हवाई दलाचे डकोटाही होते.