यरुशलेमहून आलेला शास्त्री

(दृश्य: गालील सरोवराचा उत्तर किनारा, कफर्णहूममधल्या घरांचे काळ्या दगडांचे पाये.)

इथल्या एका घरात पक्षाघाताने लुळा पडलेला माणूस छपरातून खाली सोडला गेला. तुझ्या पापांची क्षमा झाली, असे येशूने त्याला सांगितले. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणाले, ही देवनिंदा आहे. ही गोष्ट सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानात, पुढच्याच अध्यायात यरुशलेमहून आलेले शास्त्री उघड आरोप करतात, की याच्या अंगात बालजबूल, म्हणजे भुतांचा अधिपती, आहे.

मराठी बायबलमधला हा ‘शास्त्री’ म्हणजे हिब्रूतला सोफेर, लेखनिक. त्याचा राग कळायला त्याचे काम पाहावे लागते.

(दृश्य: बोरू, दौत, कातड्यावरच्या रेघा.)

कातडे भिजवून, केस खरवडून, ताणून वाळवायचे. त्यावर शाईविना रेघा ओढायच्या. अक्षर रेघेवर बसत नाही, देवनागरीसारखे तिच्याखाली लटकते. शाई काजळी, डिंक आणि पाण्याची. डिंक जास्त झाला तर ती तडकून पापुद्रे सुटतात, कमी पडला तर काजळी बोटाला लागते.

आणि अक्षरे फसवी. दालेथ या हिब्रू अक्षराचा उजवा कोपरा टोकदार, रेश या अक्षराचा गोलसर. ‘शेमा’ या यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेतल्या ‘एहाद’चा, म्हणजे ‘एक’चा, शेवटचा दालेथ गोल झाला तर ‘अहेर’, म्हणजे ‘दुसरा’, असे वाचले जाईल. एकच देव म्हणायचे तिथे दुसरा देव! कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनीही हीच शेमा जपली. मृत समुद्राकाठच्या कुमरानला सापडलेल्या, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 7.34 मीटर लांब गुंडाळीत, तिच्या 54 स्तंभांत, सुटलेली अक्षरे ओळीच्या वर लिहिलेली दिसतात, तर काही चुकांवर रद्द केल्याचे ठिपके आहेत.

(दृश्य: दोऱ्याने बांधलेला दस्त.)

सगळेच शास्त्री तोरा, म्हणजे मोशेचे नियमशास्त्र, उतरवत नसत. कुणी नियमशास्त्र शिकवी, कुणी दस्त लिही. महत्त्वाच्या दस्तात मजकूर दोनदा असे. वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, खालचा वाचायला मोकळा ठेवायचा, मागे साक्षीदारांच्या सह्या. खालच्या मजकुरात फेरफार केल्याचा संशय आला तर दोरा सोडून वरचा ताडायचा. मृत समुद्राजवळच्या गुहेत 1961 साली सापडलेल्या बाबाथा या स्त्रीच्या 35 कागदपत्रांत असे जोडदस्त आहेत.

पापक्षमेचाही मार्ग नियमशास्त्रात ठरलेला होता: मंदिर, याजक, अर्पण. एका घरात, नुसत्या शब्दाने ती जाहीर होताच शास्त्र्याच्या पायाखालची जमीन सरकली.

त्यावरून सगळा वर्ग वैरी ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. मार्कचे शुभवर्तमान इ.स. 70च्या सुमाराचे, वादातल्या एका बाजूने लिहिलेले. त्याच्याच 12व्या अध्यायात येशू एका शास्त्र्याला म्हणतो, की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. आणि त्याच अध्यायात विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडक शब्दही आहेत.

लिहिलेल्या कागदाचा हा धाक साध्या माणसांनाही होता. इ.स. 66मध्ये यरुशलेममध्ये रोमविरुद्ध बंड पेटले, तेव्हा बंडखोरांनी दप्तरखान्याला आग लावली. इतिहासकार योसेफस त्याचे कारण देतो: सावकारांची कर्जखते जळावीत आणि ऋणको आपल्या बाजूला यावेत.