रॉड्रिग्ज हरवलाच नव्हता

मागच्या रविवारी इथंच सगळ्यांनी 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' बघितलाय, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा गायक रॉड्रिग्ज याच्यावरची डॉक्युमेंटरी, त्यामुळं स्टोरी परत सांगत बसत नाही. (थोडी सांगणारच, माझा स्वभाव माहितीये तुम्हाला.) पत्रिकेत विषय छापलाय 'रॉड्रिग्जचे पैसे गेले कुठं', त्यावर येतोच, पण आधी मला त्या पिक्चरशी भांडायचंय.

पिक्चर संपल्यावर अर्धा हॉल डोळे पुसत होता. बिचाऱ्यानं 1970 ला 'कोल्ड फॅक्ट' काढली, 71 ला दुसरी रेकॉर्ड, दोन्ही अमेरिकेत आपटल्या, कंपनीनं काढून टाकलं, मग माणूसच गायब, इकडं साऊथ आफ्रिकेत मात्र त्याची गाणी गाजलेली, आणि पार 97-98 ला तिथल्याच फॅन लोकांनी शोधून काढला. छान. पण अहो, ऑस्ट्रेलियाचं काय? 1979 ला हा बाबा ऑस्ट्रेलियाची टूर करून आला, 1981 ला परत गेला, तेही तिथल्याच मिडनाइट ऑइलसारख्या बड्या बँडबरोबर, तिथं त्याची लाईव्ह रेकॉर्डसुद्धा निघाली. पिक्चरमधे याचा पत्ताच नाही! का, तर मग चमत्कार उरत नाही ना. डायरेक्टर मलिक बेंजलूलनं पिक्चर भारीच केलाय, पैसे संपले तेव्हा शेवटचं काही शूटिंग मोबाईलवर उरकलं, 2013 ला ऑस्कर घेतला, सगळं मान्य. पण एवढी मोठी गोष्ट गाळायची म्हणजे काय बे?

आणि गायब म्हणजे कुठं? डेट्रॉइटमधेच होता की! जुनी घरं पाडायची, दुरुस्त करायची, ही कामं करत होता, 81 मधे तिथल्याच वेन स्टेट युनिव्हर्सिटीतनं फिलॉसॉफीची डिग्री घेतली, शिवाय निवडणुकीला पण उभा राहिला, एकदा नाही, बऱ्याच वेळा, आणि दरवेळी पडला. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस हरवलेला कसा असेल? आपल्याकडं तर उभा असेपर्यंत रोज दारात दिसतो, हरवतो ते निवडून आल्यावर. हसा, पण पहिल्या रांगेत कोण बसलंय बघून हसा.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव, कारखाने बसत गेले तसं गाव रिकामं होत गेलं. हे सोलापूरकरांना मी काय समजावून सांगू, ज्यांच्या घरात जुन्या गिरणीच्या नाहीतर लक्ष्मी-विष्णूच्या भोंग्यावर चहा चढायचा त्यांना कळलं असेलच. आपल्या बार्शीचे अमर शेख गिरणीतनंच वर आले, पब्लिकच्या छातीवर आवाज आदळायचा त्यांचा. आणि हा रॉड्रिग्ज? बारमधे पब्लिककडं पाठ करून गायचा. आपल्याकडं असं कोण गायला असता तर पाठीवर काय काय आलं असतं देव जाणे.

शोध कसा लागला ते मात्र मला फार आवडतं. त्याच्या एका गाण्यात डिअरबॉर्न असं गावाचं नाव येतं. साऊथ आफ्रिकेतला पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू नकाशा काढून बसला, डिअरबॉर्न निघालं डेट्रॉइटला चिकटून, फोर्डचं गाव. तिथनं धागा रॉड्रिग्जच्या रेकॉर्डचा प्रोड्युसर माइक थिओडोरपर्यंत. विचारलं, तो मेला कसा? कारण तिकडं सगळ्यांना पक्कं माहिती की हा स्टेजवर स्वतःला जाळून घेऊन मेला. उत्तर आलं, मेला कुठं, जिवंत आहे की!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, आता पळतो.

तर पैसे. साऊथ आफ्रिकेत सरकारी रेडिओनं त्याचं गाणं वाजू नये म्हणून रेकॉर्डवर ओरखडे मारून ठेवले, मग लोकांनी एकमेकांच्या कॅसेट भरून घेतल्या. आपणही नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घ्यायचो, ओरिजनल किती जणांनी घेतली, हात वर करा. बघा, दोनच. पण साऊथ आफ्रिकेत ओरिजनलही अंदाजे पाच लाख खपल्या म्हणतात, तिथल्या कंपन्या म्हणतात आम्ही रॉयल्टी अमेरिकेला पाठवली, अमेरिकेतली त्याची रेकॉर्ड काढणारी ससेक्स कंपनी 1975 लाच बंद, आणि तिचा मालक क्लॅरेन्स अव्हांट पैशांचं विचारल्यावर कॅमेऱ्यासमोर कसा चिडला ते तुम्ही बघितलंच. त्यात 'कोल्ड फॅक्ट'वरची गाणी जीझस रॉड्रिग्ज, सिक्स्थ प्रिन्स असल्या नावांवर. का, तर आधी दुसऱ्या म्युझिक कंपनीशी रॉड्रिग्जचा करार होता, आणि तो चुकवायला ही नावं वापरली असा दावा त्या कंपनीनं 2014 ला अव्हांटवर लावला. म्हणजे गाणं याचं, नाव भलतंच, भांडण तिसऱ्याचं. वर तो मेला अशी अफवा. ती कोणी मुद्दाम उठवली असं मी म्हणत नाही, पण मेलेला माणूस हिशोब मागायला येत नाही, एवढं कुठल्याही दुकानदाराला कळतं. जिवंत निघाला तेव्हा मार्च 98 मधे तिकडं सहा हाऊसफुल शो केले, आणि त्यातले बरेच पैसे घरच्यांना नि मित्रांना वाटून परत कामावर. 2023 च्या ऑगस्टमधे गेला, 81 वर्षांचा होता, यावेळी खरंच.

दुसऱ्या रेकॉर्डवर बोलायचं राहिलं, ती लंडनला झाली होती, माझ्या मते पहिलीपेक्षा सरस, कोणाला भांडायचं असेल तर खाली चहाला या. आता आभारप्रदर्शन आहे, ते माझ्यापेक्षा लांबतं, उठू नका.