पाच हजार सेल, एकच तापमान

[दृश्य : वीस फुटी कंटेनर. दार उघडतं.]

बाहेरून हा साधा कंटेनर. आत मात्र वीज साठवणारी भलीमोठी बॅटरी : बारा रॅक आणि त्यांत खेटून बसवलेले जवळपास पाच हजार सेल. लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३१४ अँपिअर-अवरचा एकेक सेल साधारण एक युनिट वीज साठवतो. म्हणजे या एका खोक्यात पाच हजार युनिट!

वीज भरताना आणि काढताना अंतर्गत रोधामुळे सेल तापतो. प्रवाह दुप्पट केला, की ही उष्णता चौपट होते. पूर्वी पंख्यांनी गार हवा फिरवून भागायचं. आता सेल इतके दाटीने बसवतात, की हवेला वाटच उरत नाही. त्यात हवा उष्णता वाहून नेण्यात अगदीच दुबळी. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढीसाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते.

[दृश्य : पॅकचा तळ.]

सेलखाली ही अ‍ॅल्युमिनिअमची प्लेट. तिच्या पोटातल्या नागमोडी वाटांमधून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण फिरतं, तापून चिलरकडे जातं आणि गार होऊन परत येतं.

नुसतं गार करणं तसं सोपं. सगळ्यांना सारखं गार ठेवणं, हे खरं दुखणं. द्रव पुढे सरकताना तापत जातो. पहिल्या सेलला गारवा मिळतो, शेवटच्याच्या वाट्याला कोमट द्रव येतो. रॅकमधले ४१६ सेल एकसर जोडणीत असतात. त्यातला एक जरी जास्त तापून लवकर थकला, तरी तो आधी रिकामा होतो आणि त्याच्यापायी अख्ख्या रॅकला थांबावं लागतं. म्हणून सेलांमधला फरक तीनेक अंशांत राखायची सारी धडपड.

बरं, फार गार करूनही चालत नाही. प्लेट दवबिंदूच्या तापमानाखाली गेली की हवेतल्या बाष्पाचं तिच्यावर पाणी धरतं, आणि रॅकचा दाब असतो हजार व्होल्टच्या वर. कडाक्याच्या थंडीत तर हाच द्रव तापवून फिरवावा लागतो.

[दृश्य : मोकळ्या मैदानात बॅटऱ्यांच्या रांगा.]

३० जुलै २०२१. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ 'व्हिक्टोरियन बिग बॅटरी'ची चाचणी चालू असताना टेस्ला कंपनीचा एक मेगापॅक, म्हणजे असाच बॅटरीचा एक मोठा खोका, पेटला. शेजारच्यालाही झळ लागली आणि तोही जळाला. तपासात सर्वांत संभाव्य कारण निघालं ते कूलंटची गळती. ज्या द्रवाने सेल सांभाळायचे, त्यानेच इलेक्ट्रॉनिक भागांत शॉर्टसर्किट घडवलं. तो मेगापॅक तेव्हा किल्लीने बंद केलेला होता, त्यामुळे त्याच्यावरची देखरेखही बंद होती. बिघाड कळायचा कुणाला?

त्यानंतर टेस्लाने जोडणीच्या वेळची गळतीची तपासणी कडक केली. आणि मेगापॅक किल्लीने बंद असला, तरी त्याची देखरेख चालूच राहील, अशी सोय केली.