मान डोलली म्हणजे समजलं असं नाही

मित्रहो, भुसावळमध्ये उभं राहून कामाच्या ठिकाणच्या संवादावर बोलायचं, तर रेल्वेला वगळून चालणार नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कुणी ना कुणी रेल्वेत असेल. त्यांना विचारा, धावत्या इंजिनात दोघं काय करतात. सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्याने बोलतात, हाताने तिकडे दाखवतात, आणि एकाने म्हटलेलं दुसरा पुन्हा म्हणतो. सिग्नल तर दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो. तरी बोलायचं, कारण डोळ्यांना दिसलेलं मनाने टिपलंच असेल याची खात्री नसते. रात्रपाळीला तर नसतेच.

फाटकाचं घ्या. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेलं नसतं, तिथे गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोनवरून गेटमनला फाटक लावायला सांगतात. गेटमनचं ‘हो साहेब, लावलं’ तिथे पुरत नाही. त्याच्याकडे आकड्यांचा छापील तक्ता असतो. फाटक लावून त्यातला आकडा सांगायचा, मास्तरांनी तो वहीत लिहायचा, वापरलेला आकडा खोडायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनवर अविश्वास म्हणून ही पद्धत आलेली नाही. माणूस सवयीने ‘हो’ म्हणून जातो, हे ओळखून ती केलेली आहे.

रेल्वेच्या खुणाही तशाच नेमक्या. लाल झेंडी हाताशी नसेल आणि कुणी दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरले, तर त्याचा अर्थ एकच: थांबा. कुणी कुणाला नमस्कार करतंय की आळस देतंय, असा विचार करायला जागाच ठेवलेली नाही.

आपल्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, बँकांत मात्र सगळ्यात जास्त चालणारी खूण म्हणजे मान डोलवणं. तिचे अर्थ किती! हो. ऐकतोय. पुढे बोला. तुम्ही मोठे आहात, मी काय बोलणार. आणि कधी कधी, आता मला जाऊ द्या.

हे मला सगळ्यात जास्त टोचतं ते सातपुड्यात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आरोग्य केंद्रात बाहेरून आलेले डॉक्टर मराठीत सांगतात, समोरची बाई घरी पावरी किंवा भिली बोलणारी. डॉक्टरांची नजर केसपेपरवर, हात लिहिण्यात, मागे रांग. ‘या लोहाच्या गोळ्या, रोज एक, चहासोबत घेऊ नको. समजलं?’ बाई मान डोलवते. ती मान डॉक्टरांच्या मोठेपणाला दिलेली असते, गोळ्यांचं त्यात काही नसतं. चहाने लोह अंगी लागायला अडथळा येतो, ही गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. पुढच्या खेपेला रक्त वाढलेलं नसलं की आपण लिहून मोकळे होतो, ‘रुग्ण सूचना पाळत नाही’.

‘समजलं का?’ हा प्रश्न मुळातच निकामी आहे. त्याला ‘नाही’ म्हणायला फार धीर लागतो. त्याऐवजी विचारा, ‘घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, या गोळ्या कशा घ्यायच्या, तर काय सांगशील?’ आशाताई मध्ये दुभाषी असतील तर त्यांनाही सांगा, नुसतं तिला समजलं का ते विचारू नका, तिच्या बोलीत तिच्याकडून वदवून घ्या. तिला सांगता आलं नाही, तर चूक आपल्या सांगण्यात आहे असं धरून पुन्हा सांगायचं. वैद्यकीय प्रशिक्षणात या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात. रांग लांब आहे हे मला मान्य आहे. पण न समजता गेलेली बाई पुन्हा त्याच रांगेत उभी राहते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. प्रशिक्षण वर्गात स्लाइड हमखास असते, संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. त्यांनी लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आवड वाटते की नावड. प्रश्न एवढाच होता. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, तेव्हा भावना कशावरून ओळखायची, याचं ते उत्तर आहे. सगळ्या संवादाला ते लागू नाही, हे मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. ९३ टक्के काम शब्दांवाचून होत असतं, तर त्या पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी सूचना डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच कळल्या असत्या. ज्यांच्या वर्गात अजून ही स्लाइड आहे, त्यांनी कृपा करून ती काढावी.

देहबोली बिनमहत्त्वाची आहे, असं मी म्हणत नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून हजारोंचा भाव ठरतो, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पण त्या बोटांचे अर्थ दोघांनाही पाठ असतात, आणि भाव जुळला की वर विसार दिला जातो. रावेर-यावलच्या केळीत आता बरंच बोलणं फोनवर होतं. तिथे चेहराही नाही, बोटंही नाहीत. शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, ‘उद्या सकाळी कांदेबागाचा माल काढू ना? भाव कालचाच?’ कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी. व्यापाऱ्याकडून अंगठा येतो. हा अंगठा माल काढायला आहे, भावाला आहे, की नुसतं ‘वाचलं’ म्हणून? घड एकदा कापला की परत झाडाला लागत नाही. दिवस, भाव आणि गाडीची वेळ, तिन्ही शब्दांत लिहून मागवा. समोरचा कितीही जवळचा असो.

मुलाखतीचे कपडे, हस्तांदोलन, बसण्याची ढब यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी ते सोडतो. फक्त मुलाखत घेणाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे कितीतरी घरांत मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे चांगलं वळण समजतात. शहाद्याची किंवा साक्रीची मुलगी तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली नाही, म्हणून ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मारू नका. तिने उत्तर काय दिलं ते ऐका.

मघाशी चिठ्ठी आली आहे: वरिष्ठांनी सांगितलेलं त्यांनाच परत म्हणून दाखवलं तर ते उद्धटपणाचं वाटणार नाही का? वाटेल, जर ‘तुम्ही असं म्हणालात ना?’ असा सूर लागला तर. त्याऐवजी वही उघडून म्हणा, ‘सर, माझं लिहिताना काही सुटलं का बघता? यादी तहसीलला शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत, दोन प्रतींत.’ एवढं वाचायला कितीसा वेळ लागतो? ‘नाही, तीन प्रती’ हे शुक्रवारी तहसीलच्या खिडकीपाशी कळण्यापेक्षा आत्ता टेबलापाशी कळलेलं त्यांनाही परवडतं. आणि इथे जे साहेब बसले आहेत, त्यांनी असं वाचून दाखवणाऱ्याला मध्येच ‘हो हो, कळलं’ म्हणून तोडू नये. शेवटपर्यंत ऐकून मग काय ते सांगावं.